पुस्तकांसाठी घर बांधणारे बाबासाहेब



डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे नाव ज्याला माहीत नाही असा मुलगा आपल्या तालुक्यात शोधूनही सापडायचा नाही. १४ एप्रिलला आपण त्यांची जयंती साजरी करतो. ६ डिसेंबरला त्यांच्या तसबिरीला फुले वाहतो. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह आणि भारताची राज्यघटना, या दोन गोष्टी तर आपल्याला पाठच असतात. पण बाबासाहेबांनी पुस्तके कशी मिळवली, ती कशी सांभाळली आणि पुढे त्यांचे काय केले, हे पुष्कळ जणांना ठाऊक नसते. म्हणून या वेळच्या भित्तिपत्रकात त्यांच्या चरित्राची ही बाजू देत आहोत.

शाळेच्या दारातले बालपण

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य भारतातील महू या लष्करी छावणीच्या गावी झाला. त्यांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते व सैन्यातल्या शाळेत शिकवीत. आईचे नाव भीमाबाई. भीमराव पाच-सहा वर्षांचे असतानाच आई वारली आणि आत्या मीराबाई यांनी मुलांना सांभाळले. घरी सगळे त्यांना भिवा म्हणत.

पुढे हे कुटुंब साताऱ्याला राहायला आले. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी भिवाचे नाव तिथल्या सरकारी इंग्रजी शाळेत दाखल झाले. शाळेत नाव घातले खरे, पण इतर मुलांच्या शेजारी बसायची त्याला परवानगी नव्हती. बसायला घरून गोणपाटाचा तुकडा न्यावा लागे आणि संध्याकाळी तोच काखेत मारून परत आणावा लागे. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपाई असेल तर तो नळ सोडणार, शिपाई नसेल तर पाणी नाही! काही शिक्षक त्याच्या वहीलासुद्धा हात लावीत नसत.

मित्रांनो, आपण आता एकाच बाकावर तिघे-चौघे दाटीवाटीने बसतो आणि एका पुस्तकात तिघे डोके घालतो. त्या काळी भिवाला हे मिळाले नाही. माणसे त्याला दूर बसवत. पुस्तक मात्र त्याला दूर लोटत नव्हते. पुस्तकावर त्यांचा जीव कसा जडला, हे यावरून समजते.

बहिणीचा दागिना आणि भावाचे पुस्तक

काही वर्षांनी रामजी मुलांना घेऊन मुंबईला आले. परळच्या डबक चाळीत एक लहानशी खोली मिळाली. त्या एका खोलीतच चूल, जाते, सरपण आणि सगळ्यांची अंथरुणे. भिवा एल्फिन्स्टन हायस्कुलात जाऊ लागला. घरात गडबड फार, त्यामुळे अभ्यास कसा व्हायचा? मग वडिलांनी एक युक्ती काढली. भिवाने लवकर झोपायचे. वडील स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहत, मग त्याला उठवीत आणि आपण आडवे होत. मिणमिणत्या रॉकेलच्या दिव्याजवळ बसून भिवा पहाटेपर्यंत वाची.

शाळेच्या पुस्तकांवर त्याचे भागत नसे. त्याला अवांतर वाचनाचे वेड लागले होते. वडिलांची पेन्शन थोडी आणि पुस्तके महाग. पण मुलाने पुस्तक मागितले आणि वडिलांनी नाही म्हटले, असे सहसा होत नसे. जवळ पैसे नसले की ते उपरणे काखेत मारून मुंबईतच दिलेल्या धाकट्या मुलीच्या घरी जात आणि तिच्याकडे दोन-चार रुपये उसने मागत. तिच्याकडे नसले तर थोरलीकडे जात. थोरलीकडेही रोख पैसे नसले तर ती आपल्या लग्नातला एखादा दागिना काढून देई. रामजी तो सावकाराकडे गहाण ठेवीत आणि येताना भिवासाठी पुस्तक घेऊन येत. पेन्शन झाली की दागिना सोडवून मुलीला परत करीत.

विचार करा बरं! त्या घरात नवे पुस्तक यायचे ते बहिणीचा दागिना सावकाराकडे ठेवून. असे पुस्तक कुणी खाली टाकील का? त्याच्यावर पाय देईल का? त्याच्या पानांची होडी करील का?

केळुसकर गुरुजींची भेट

शाळा सुटल्यावर भिवा चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. त्याच बागेत कृष्णराव अर्जुन केळुसकर नावाचे शिक्षक वाचायला येत. ते स्वतः ग्रंथकार होते. हा मुलगा रोज एकटा बसून मन लावून वाचतो हे त्यांनी पाहिले आणि आपण होऊन त्याची चौकशी केली. मग ते त्याला आपल्याजवळची चांगली पुस्तके वाचायला देऊ लागले.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. त्यांच्या समाजात ही फार मोठी गोष्ट होती. त्यांच्या सत्कारासाठी सभा भरली, तेव्हा केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. १९५६ साली बाबासाहेबांनी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या वाटेची सुरुवात शोधत मागे गेलो तर हे भेट मिळालेले पुस्तक सापडते. एक पुस्तक माणसाबरोबर किती लांब चालत जाते पाहा!

कॉलेजचे शिक्षण पैशावाचून अडेल असे दिसताच याच केळुसकर गुरुजींनी त्यांची गाठ बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याशी घालून दिली. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. हेच ते महाराज, ज्यांनी आपल्या संस्थानात गावोगावी वाचनालये उघडली.

अमेरिका, आणि समुद्रात बुडालेली पुस्तके

१९१३ साली सयाजीरावांच्याच मदतीने बाबासाहेब अमेरिकेत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथले ग्रंथालय पाहून त्यांना केवढा आनंद झाला असेल! इथे कुणी दूर बसा म्हणत नव्हते. १९१५ साली ते एम. ए. झाले. शिष्यवृत्तीच्या पैशातून घरी पैसे पाठवायचे, स्वतः काटकसरीने राहायचे आणि उरेल त्यात जुन्या पुस्तकांच्या दुकानातून पुस्तके घ्यायची, असा त्यांचा क्रम होता. नवे पुस्तक परवडत नसे, म्हणून जुने घ्यायचे.

१९१६ साली ते लंडनला गेले. तिथला अभ्यास अर्धाच झाला होता, तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना परत यावे लागले. तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते. बाबासाहेब एका बोटीने निघाले आणि त्यांचे सामान दुसऱ्या बोटीने येत होते. त्या सामानात पुस्तके होती. पाणबुडीच्या माऱ्याने ती सामानाची बोट बुडाली. पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली!

सामानाचा विमा होता, त्याची भरपाई मिळाली. पण हरवलेले पुस्तक भरपाईच्या पैशाने लगेच परत थोडेच मिळते? आणि गंमत म्हणजे, ही रक्कम नव्या पुस्तकांना लावायचीही सोय नव्हती. बडोद्याला नोकरीवर रुजू होण्याचा खर्च त्यातूनच भागवावा लागला. बडोद्यात मोठ्या हुद्द्यावर असूनही कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर लांबूनच कागद फेकीत. राहायला कुणी जागा देईना. शेवटी ती नोकरी सोडून ते मुंबईला परत आले.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, झाले तेवढे शिक्षण पुरे. बाबासाहेबांनी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि राहिलेला अभ्यास पुरा केला. तिथे ब्रिटिश म्युझियमचे प्रचंड मोठे ग्रंथालय होते. सकाळी दार उघडले की आत जायचे आणि बंद व्हायच्या वेळेला बाहेर पडायचे. सकाळी चहा-पाव, रात्री भूक लागली तर मुंबईहून नेलेले पापड भाजून खायचे. बसचे भाडे वाचवायला पायी चालायचे. १९२३ साली ते डी. एस्सी. आणि बॅरिस्टर होऊन मायदेशी आले.

बाबासाहेब बदलापूरला येतात

आता आपल्या गावाकडची गोष्ट. मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह केला. त्यानंतर लगेच मे महिन्यात ते आपल्या बदलापूरला आले होते. त्या वर्षी शिवाजी महाराजांच्या जन्माला तीनशे वर्षे झाली असे मानून ठिकठिकाणी मोठा उत्सव झाला. बदलापूरच्या शिवजयंती उत्सवाचे अध्यक्ष म्हणून बाबासाहेबांना बोलावले होते. महाडचे तळे नुकतेच देशभर गाजत होते आणि अशा वेळी बदलापूरच्या लोकांनी त्यांना मानाने अध्यक्षस्थानी बसवले. ही आपल्या तालुक्याच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट आहे. स्टेशनावरून जाता-येता ही आठवण ठेवावी.

राजगृह : माणसांचे घर आणि पुस्तकांचे घर

लंडनहून आल्यावर बाबासाहेबांची पुस्तके वाढतच गेली. चाळीतल्या खोल्या अपुऱ्या पडू लागल्या. मग त्यांनी कर्ज काढून दादरच्या हिंदू कॉलनीत घर बांधले. ते १९३३ साली पुरे झाले. बुद्धाच्या काळातल्या एका नगरावरून त्याला राजगृह हे नाव दिले. या घराची रचना बघण्यासारखी आहे. कुटुंब खाली राही, आणि वरचा मजला होता पुस्तकांसाठी व कामासाठी. लोक घर बांधताना देवघर कुठे, माजघर कुठे ते आधी ठरवतात. बाबासाहेबांनी घर बांधताना पुस्तके कुठे राहतील ते आधी ठरवले.

त्यांच्या ग्रंथसंग्रहाची गणना हजारांत होत होती. कायदा, इतिहास, अर्थशास्त्र, धर्म, शेती, किती विषय! शाळेत त्यांना संस्कृत शिकू दिले नव्हते, फारशी घ्यावी लागली होती. मोठेपणी त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला आणि ते ग्रंथही आपल्या कपाटात आणले.

आपली पुस्तके बाहेर द्यायला ते सहसा तयार नसत. कंजूषपणा म्हणू नका हं! ज्याची पुस्तके एकदा समुद्रात बुडाली, त्यालाच पुस्तक गेल्याचे दुःख कळते.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर कुणीतरी हळूच विचारील. बाबासाहेब वाचताना पुस्तकात लाल-निळ्या पेन्सिलीने खुणा करीत असत. म्हणजे पुस्तकात लिहिले तर चालते वाटते? तर त्याचे उत्तर असे : ती त्यांची स्वतःच्या पैशाची पुस्तके होती आणि खुणा होत्या त्या अभ्यासाच्या. चित्रातल्या माणसाला मिशा काढणे, पानावर बेरजा करणे, मैत्रिणीचे नाव कोरणे म्हणजे अभ्यास नव्हे. आणि वाचनालयाचे पुस्तक तर आपले एकट्याचे नसतेच.

जपून ठेवलेले शेवटी वाटून टाकले

या चरित्रातली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट आता येते. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी ही संस्था काढली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. सकाळी कॉलेजात शिकून दिवसा नोकरी करणाऱ्या गरीब मुलांचीही तिथे सोय होती. या कॉलेजच्या ग्रंथालयाला बाबासाहेबांनी आपल्या संग्रहातली पुष्कळ पुस्तके देऊन टाकली.

एक पुस्तक कुणी नेले तर ज्यांचा जीव कासावीस होई, त्यांनी ढीगच्या ढीग पुस्तके मुलांना दिली. का दिली? कारण ती वाचली जाणार होती. जपलेली होती म्हणूनच देता आली. फाटकी, वाळवीने खाल्लेली पुस्तके कोण घेईल आणि कोण वाचील?

पुढे बाबासाहेब देशाचे पहिले कायदेमंत्री झाले. घटनेचा मसुदा तयार करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. तब्येत खालावत गेली, डोळे अधू झाले, पण वाचणे-लिहिणे सुटले नाही. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री दिल्लीच्या घरी झोपायला जाताना त्यांनी कपाटातली काही पुस्तके काढून घेतली. आपल्या बुद्धावरच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद उशाजवळच्या टेबलावर ठेवायला सांगितले. त्याच रात्री झोपेत त्यांचे निधन झाले. ६ डिसेंबरची सकाळ झाली तेव्हा ते गेले होते.

आता आपल्या दप्तराकडे वळू

आपल्याला पहिलीपासून आठवीपर्यंत पाठ्यपुस्तके शाळेत फुकट मिळतात. जूनमध्ये नवी कोरी पुस्तके हातात येतात, वासही छान येतो. आणि दिवाळीपर्यंत? कुणाचे कव्हर गेलेले, कुणाच्या पानांचे कान दुमडलेले, कुणाचे शेवटचे चार धडेच गायब! फुकट मिळाले म्हणजे त्याला किंमत नाही असे नव्हे. आपल्यासाठी कुणाच्या बहिणीला दागिना गहाण ठेवावा लागला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

वर्गातल्या वाचनपेटीतले पुस्तक तर आणखी जपायला हवे. त्याचे शेवटचे पान फाटले तर पुढच्या मुलाला गोष्टीचा शेवट कधीच कळत नाही. राजपुत्र घरी पोचला की नाही, तो बिचारा विचार करीत बसतो!

आपल्याकडे पुस्तकाचा मोठा शत्रू म्हणजे पाऊस. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास आणि वालधुनी या नद्यांचे पाणी बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या घराघरांत शिरले. किती मुलांची दप्तरे त्यात भिजली असतील! तो पूर कुणाच्या हातात नव्हता. पण दर पावसाळ्यात गळक्या छपराखाली ठेवलेले दप्तर उचलून फळीवर ठेवणे तर आपल्या हातात आहे. आपल्याच बदलापुरात ‘ग्रंथसखा’ वाचनालयाने जुनी, दुर्मीळ मराठी पुस्तके गोळा करून जपली. आपल्या दमट हवेतही पुस्तके टिकवता येतात, हे त्यावरून दिसते.

हे करावे

१. पुस्तक मिळाले त्याच दिवशी कव्हर घालावे. खाकी कागद नसला तर जुने कॅलेंडर किंवा वर्तमानपत्र चालते.

२. हात धुऊन, पुसून मग पुस्तक उघडावे. थुंकी लावून पान उलटू नये. त्याने पान मळते आणि रोगही पसरतात.

३. खूण म्हणून पानाचा कान दुमडू नये. कागदाची पट्टी किंवा दोरा ठेवावा. जाड पेन, पेन्सिल मधे ठेवून पुस्तक मिटू नये, त्याने शिवण उसवते.

४. पुस्तक उघडे पालथे टाकू नये. त्यावर डबा, पाण्याची बाटली ठेवू नये.

५. पावसाळ्यात दप्तरात पुस्तकांसाठी एक प्लॅस्टिकची पिशवी ठेवावी. ओली छत्री दप्तरात कोंबू नये.

६. पुस्तक भिजलेच तर कडक उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये. पाने वाकडी होतात. सावलीत, वाऱ्यावर उभे करावे आणि पानांच्या मधे कोरडा कागद घालून तो अधूनमधून बदलावा.

७. पान फाटले तर चिकटपट्टी लावू नये. ती काही वर्षांनी पिवळी पडते आणि पान चिकट होते. पातळ कागद आणि कणकेची खळ थोडीशी लावावी, आणि पुस्तक वजनाखाली ठेवून वाळू द्यावे.

८. पुस्तके जमिनीवर किंवा ओलसर भिंतीला टेकवून ठेवू नयेत. तिथे वाळवी लवकर लागते. कसर लागू नये म्हणून महिन्यातून एकदा सगळी काढून झटकावीत. वाळलेला कडुनिंबाचा पाला फळीवर ठेवण्याची जुनी रीतही चांगली आहे.

पालकांनाही एक विनंती आहे. वर्ष संपले की पुस्तके रद्दीवाल्याला घालू नका. शेजारच्या मुलाला द्या, नाहीतर शाळेत आणून द्या. घरात जागा कमी असते हे खरे आहे. पण परळच्या त्या खोलीतही जागा कमीच होती. भिंतीला एक फळी ठोकून द्या, लहान मुलाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर. घरात पुस्तकाला जागा आहे हे मुलाने रोज पाहिले, की जपणे त्याला आपोआप कळते.

मित्रांनो, आपल्यापैकी कुणाला राजगृहासारखे घर बांधता येईल की नाही ते पुढे पाहू. पण एक फळी आणि त्यावर नीट उभी केलेली चार पुस्तके, एवढे तर आजही जमेल. येत्या शनिवारी सर्वांनी आपापली पुस्तके शाळेत आणावीत. खाकी कागद, खळ आणि सुई-दोरा वर्गात ठेवलेला असेल. मोठ्या मुलांनी पहिली-दुसरीच्या मुलांना कव्हर घालून द्यावे. ज्याच्या पुस्तकाची पाने सुटली असतील त्याने लाजू नये, घेऊन यावे. आपण ती शिवू.